नव्या छोट्या गाडीत सीडी चेंजर बसवण्याआधी

सीडी चेंजर, म्हणजे अनेक सीडी एकामागून एक वाजवणारं यंत्र, शोधायला निघण्याआधी गाडीत जाऊन बसा आणि त्याचा आवाज गाडीच्या म्युझिक युनिटमध्ये कुठून शिरेल ते पाहा. बाकीची सगळी तयारी या एका उत्तरावर अवलंबून आहे. जुन्या गाडीतला रेडिओ काढून त्याच 180 बाय 50 मिलिमीटरच्या खाचेत चेंजर चालवणारा दुसरा बसवता यायचा. आताच्या छोट्या गाडीत पडदा, मागचा कॅमेरा, पार्किंगचे बीप, कधी एसीची बटणंही एकाच युनिटमध्ये असतात आणि ते कॅन बसवरून (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावरून) गाडीच्या इतर भागांशी सतत बोलत असतं. ते काढायचा विचार मी तरी करणार नाही. कंपनीचं युनिट जागेवर राहील आणि चेंजर त्याला बाहेरून आवाज पुरवेल, हे धरूनच पुढे चला.

साडेतीन मिलिमीटरचं ऑक्स सॉकेट (हेडफोनच्या पिनसारखी पिन घेणारं, बाहेरचा आवाज आत घेणारं भोक) असेल तर निम्मी चिंता मिटली. पण ते खरंच चालतं का हे आजच फोन लावून तपासा, कारण काही गाड्यांत मेन्यूमधून ऑक्स सुरू करावं लागतं. नुसतं यूएसबी असेल तर चेंजर तिथे लागत नाही. ते पोर्ट फायली वाचतं आणि चेंजर ॲनालॉग सिग्नल देतो. यूएसबीला लागणारे आणि युनिटला पेनड्राइव्हसारखे भासणारे सीडी प्लेयर मिळतात, पण त्यात एका वेळी एकच डिस्क बसते. मग उरतात दोन वाटा. ब्लूटूथ ट्रान्समीटर चेंजरच्या आउटपुटला जोडता येतो. आवाजातला बारकावा थोडा दाबला जातो, तरी रस्त्याच्या आवाजात ते फारसं जाणवत नाही. मात्र बहुतेक युनिट एका वेळी एकाच उपकरणाचं संगीत वाजवतात, तेव्हा फोन आणि ट्रान्समीटर यांपैकी कोण जोडलेलं राहील हे आधीच ठरवा.

दुसरी वाट अँटेनाच्या वायरीत बसवायच्या एफएम मॉड्युलेटरची, म्हणजे चेंजरचा आवाज एफएम स्टेशनसारखा रेडिओला देणाऱ्या डबीची. ती मी शेवटी ठेवतो. स्टिरिओ एफएमवर आवाज 15 किलोहर्ट्झपर्यंतच जातो, सीडीवर 20 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं असतं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच वाटेत गळतं. शिवाय पुष्कळ नव्या गाड्यांत छतावरच्या अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला त्याच केबलमधून वीज जाते. मॉड्युलेटर मध्ये आला की ती तुटू शकते आणि रेडिओ दुबळा पडतो. हीच वाट घ्यावी लागली तर गाडीच्या प्लगशी जुळणारे ॲडॅप्टर आधी मिळवा. रेडिओतलं एएफ (आपोआप दुसरी फ्रिक्वेन्सी शोधण्याची सोय) बंद करा, नाहीतर तो मध्येच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उडी मारायचा.

आता यंत्र. डिकीत बसणारे बहुतेक चेंजर स्वतःहून वाजत नाहीत, त्यांना हुकूम देणारा रेडिओ लागतो आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. सोनीचं युनिलिंक, पायोनिअरची आयपी-बस, अल्पाइनचं एआय-नेट, क्लॅरियनचं सीनेट यांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणून सुटा चेंजर स्वस्तात मिळाला तरी हुरळून जाऊ नका. तारेवरचा किंवा बिनतारी रिमोट, छोटा डिस्प्ले आणि आरसीए आउटपुट (आवाज बाहेर देणारी लाल-पांढरी गोल सॉकेट) असलेला, स्वतंत्रपणे चालणारा संच शोधा. मॅगझिन, म्हणजे डिस्क ठेवायची खणांची पेटी, सोबतच घ्या, कारण दुसऱ्या कंपनीचं त्यात जात नाही आणि हरवलेलं नंतर सहज मिळत नाही. जुना संच असेल तर विकत घेण्यापूर्वी 12 व्होल्टवर टेबलावर चालवून पाहा. प्रत्येक खणातली डिस्क उचलतो का, शेवटच्या ट्रॅकवर अडखळतो का, घरी बर्न केलेली सीडी-आर वाचतो का, हे सगळं पाहा. सीडी-आरडब्ल्यूवर (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर) प्रकाश फारच कमी परावर्तित होतो, त्यामुळे जुना चेंजर ती नाकारत असेल तर त्याला नापास करू नका.

जागा ठरवायला पुठ्ठ्याचा खोका करा, तोही चेंजरच्या मापाचा. पुढे मॅगझिन पूर्ण बाहेर येईल एवढी जागा धरायला लोक विसरतात. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली मला सर्वांत आवडतं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये धक्के कमी बसतात आणि मॅगझिन बदलायला डिकी उघडावी लागत नाही. पण तिथे खाली वाकून टॉर्चने नीट बघा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅग आणि सीटबेल्टच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. सीट पुढेमागे सरकवून काही घासत नाही ना ते पाहा. मागच्या प्रवाशांच्या पायांकडे गरम हवा नेणारी नळी तिथे असली तर ती जागा सोडा. डिकीत बसवणार असाल तर स्टेपनीचा खड्डा टाळा, तिथे ओल साचते. आणि कुठेही भोक पाडण्याआधी गाडीखाली शिरून बघा. छोट्या गाडीत इंधनाची टाकी बहुधा मागच्या सीटखाली असते, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल जात असतात. त्या बाजूला ड्रिल नकोच, आधीच असलेल्या बोल्टवर पट्टी अडकवा.

चेंजर आडवा, उभा की तिरका बसणार तेही आधी ठरवा. आतली यंत्रणा स्प्रिंगांवर तरंगत असते आणि बाजूच्या खुणांवर स्प्रिंगांचा कोन त्यानुसार लावावा लागतो. चुकीच्या कोनावर लावलेल्या चेंजरमध्ये गतिरोधकावर गाणं हटकून उडतं. वाहतुकीसाठी लावलेले स्क्रू काढून एका पिशवीत जपून ठेवा, यंत्र पुन्हा कुठे न्यायचं झालं तर लागतील.

विजेसाठी चेंजरला सहसा तीन तारा असतात. पिवळी कायम 12 व्होल्टची, लाल तार किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी अर्थिंगची. फ्यूजपेटीत रिकामा किंवा बिनमहत्त्वाचा फ्यूज मल्टिमीटरने शोधा आणि जोड-फ्यूज होल्डर (त्याच खाचेतून फ्यूजसह आणखी एक तार काढून देणारा) वापरा. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनच्या फ्यूजपासून लांब राहा. वायरी चिमटवणारे झटपट कनेक्टर आणू नका, काही महिन्यांनी तेच ढिले होतात. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो, म्हणून अर्थिंग त्या टोकावर न देता बॉडीवर रंग खरवडून द्या.

सिग्नलची केबल दाराच्या उंबऱ्याखालून कशी जाईल ते सुतळी टाकून मोजा, वळणांसाठी थोडी जास्त धरा. वीज एका बाजूने आणि सिग्नल दुसऱ्या बाजूने न्या. तरीही इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आलीच, तर आधी अर्थिंग तपासा, मगच ग्राउंड लूप आयसोलेटर (सिग्नलच्या केबलमध्ये बसणारी, अशी शीळ अडवणारी डबी) लावा. प्लास्टिकचे ट्रिम काढायचे पाने, काही जास्तीच्या क्लिपा (एखादी तुटतेच), कापडी टेप आणि पत्र्यातून जाणाऱ्या तारेसाठी रबरी ग्रोमेट आदल्या दिवशीच जमवा. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आधी विचारून उत्तर लेखी घ्या.

सीटजवळ काम करताना ऋण टोक सोडून काही मिनिटं थांबा, एअरबॅगमधला विजेचा साठा उतरायला वेळ लागतो. जोडणी झाल्यावर गाडी लॉक करून आतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स झोपी जाऊ द्या आणि मग विजेचा उपसा मोजा. साधारण 50 मिलिॲम्पियरच्या वर असेल तर लाल तार बहुधा चुकीच्या जागी आहे किंवा ट्रान्समीटर चालू राहतोय.

डिस्कही निवडून ठेवा. कागदी लेबल चिकटवलेल्या नकोत. उन्हात कडा सुटली की ती डिस्क आत अडकते आणि पूर्ण चेंजर खोलावा लागतो. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कही नकोत, ॲडॅप्टर लावूनही नाही. ओरखडे पडलेल्या असतील त्यांची प्रत काढून घ्या आणि गाडीत प्रतच ठेवा. अखंड मैफिलींच्या डिस्क लागोपाठच्या खणांत लावा. एक संपून दुसरी सुरू होईपर्यंतचे ते काही सेकंद रागाला विसावायला पुरेसे होतात, आणि लांबच्या वाटेवर हात स्टीअरिंगवरून हलवावा लागत नाही.