ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरतंय?

थरथर कधी येते ते आधी नीट पाहा. ब्रेक न लावताही ८०च्या वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर पहिला संशय व्हील बॅलन्सिंगवर, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्यावर. फक्त ब्रेक दाबल्यावरच हलत असेल, तर बहुधा पुढच्या डिस्कची (चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक जिला पकडतो ती लोखंडी तबकडी) जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. नव्या डिस्कची घाई मात्र करू नका. आधी डिस्क काढून हबवरचा (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. तिथला बारीक कणही डिस्क वाकडी फिरवतो. मग लेथ मशीनवर डिस्क घासून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली अजिबात नाही, इथे जिवाशी गाठ आहे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायला सांगा.