वजनदार पैदाशीसाठी बोकड कसा निवडावा

कळपातला सर्वांत झपाट्याने वाढणारा बोकड बकरी ईदच्या बाजारात चांगला भाव घेतो, म्हणून तो आधी विकला जातो आणि मागे उरलेल्या खुरट्या बोकडाकडून शेळ्या भरवल्या जातात. खुराक वाढवूनही करडांची वजने वाढत नसतील, तर त्याचे मूळ पुष्कळदा या व्यवहारात असते. कारण करडाचा निम्मा आनुवंशिक वारसा बोकडाकडून येतो आणि एकच बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो.

पहिले काम नोंदीचे. करडू जन्मताच कानात बिल्ला मारावा, झोळीत घालून ताणकाट्यावर त्याचे वजन करावे आणि जन्मतारीख, आई, बाप व करडू एकटे की जुळे, एवढे वहीत लिहावे. पुढची वजने तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यात, सकाळी चरायला सोडण्यापूर्वी घ्यावीत.

तीन महिन्यांची वजने मात्र तशीच्या तशी ताडून पाहू नयेत. २.२ किलोचे जन्मलेले करडू ८० व्या दिवशी ९.४ किलो भरले आणि २ किलोचे जन्मलेले दुसरे १०० व्या दिवशी १०.५ किलो भरले, तर नजरेला दुसरेच सरस वाटते. पण वाढलेल्या वजनाला दिवसांनी भागून, ९० ने गुणून, त्यात जन्मवजन मिळवले की पहिल्याचे ९० दिवसांचे वजन १०.३ किलो येते आणि दुसऱ्याचे ९.६५ किलो. एवढा हिशेब मोबाइलवरही होतो आणि तो टाळण्याला काही सबब नाही.

तुलना एकाच हंगामातल्या करडांची करावी. कोकणातल्या पावसाळ्यात ओलसर गोठा, जंत आणि न्यूमोनिया यांनी करडे खंगतात. जुलैत जन्मलेल्या करडाला डिसेंबरातल्या करडाशेजारी उभे केले, तर आपण रक्त नव्हे, हवामान मोजतो. तसेच जुळ्यांची तुलना जुळ्यांशीच करावी. जुळी करडे दूध वाटून पितात म्हणून हलकी राहतात, आणि केवळ त्यासाठी ती बाद करणारा पालक जुळी देणारा वंशच नकळत मोडीत काढतो.

तीन महिन्यांच्या वजनावर आईच्या दुधाचा प्रभाव मोठा असतो. म्हणून त्या वेळी फक्त प्राथमिक निवड करून तीन-चार बोकड राखून ठेवावेत आणि अंतिम निर्णय सहा ते नऊ महिन्यांच्या वजनावर घ्यावा. आईचा प्रभाव तोवर ओसरू लागतो. वृषण लहान-मोठे किंवा एकच उतरलेले असल्यास वजन कितीही असो, तो बोकड पैदाशीस ठेवू नये.

अपेक्षाही माफक हवी. वजन अनेक जनुकांच्या एकत्रित प्रभावाने ठरते आणि वाढीच्या गुणांची आनुवंशिकता, म्हणजे जनावरा-जनावरांतल्या फरकापैकी वारशाने उतरणारा वाटा, साधारण मध्यम असते. ती ०.३ धरली आणि कळपाची सहा महिन्यांची सरासरी १२ किलो असताना बोकड १६ किलोचा असला, तर ४ किलोच्या आघाडीपैकी निम्मी, म्हणजे २ किलो, हिशेबात येते (उरलेला निम्मा वारसा शेळीचा) आणि तिच्या ०.३ पट, म्हणजे सरासरी ६०० ग्रॅम, पुढच्या पिढीत उतरते. आकडा लहान दिसला तरी तो टिकतो आणि पुढच्या निवडीत त्यावर भर पडते. खुराकाने चढलेले वजन तसे वारशात जात नाही.

घाईने परप्रांतातला अवजड बोकड आणण्याआधी सिंधुदुर्गातल्या कोकण कन्याळ जातीचा विचार करावा. मांसासाठी पाळली जाणारी ही जात इथल्या पावसाला आणि दमटपणाला सरावलेली आहे. कोरड्या मुलखातल्या जनावराचे खूर चिखलात कुजू लागले, तर अंगातली वाढीची क्षमता गोठ्यातच अडकून पडते.

बोकडाच्या मुली माजावर येण्यापूर्वी तो बदलावा. बाप-लेकीच्या संकरातून होणाऱ्या करडात सगोत्रतेचे, म्हणजे आई-बापांकडून एकच जनुक दुहेरी येण्याचे, प्रमाण २५ टक्के येते, त्याने वाढ खुंटते आणि मरतुक वाढते. नोंदवही ठेवणाऱ्या दुसऱ्या गावातल्या पालकाशी बोकडाची अदलाबदल केल्यास खर्चही वाचतो. मात्र त्याच्याही बोकडाचा बाप कोणता, हे आधी वहीत पाहून घ्यावे.