कर्नलमधली लॉकची अडवणूक कशी शोधावी आणि कशी सोडवावी

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर सकाळच्या घाईत हे कधीतरी दिसतंच. चोडणहून आलेली फेरीबोट टेकते, आणि आतल्या गाड्या उतरायच्या आधीच दोन उतावळे स्कूटरवाले रॅम्पवर चाक घालतात. बोट रिकामी झाल्याशिवाय यांना आत जाता येत नाही, रॅम्प मोकळा झाल्याशिवाय त्यांना बाहेर येता येत नाही. मग खलाशी ओरडतो, कोणीतरी गाडी मागे घेतो आणि गाडं सुटतं. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, असा खलाशी नसतो. तिथे लॉक म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून लावलेलं कुलूप. एका टास्कने (चालू असलेल्या कामाने) 'अ' लॉक धरून 'ब' मागितलं आणि दुसऱ्याने 'ब' धरून 'अ', की दोघेही वीज जाईपर्यंत उभे. पावसाळ्यात आपल्याकडे ती लवकर जाते, पण तो काही उपाय नव्हे.

लिनक्सपुरतं सांगतो, कारण माझा हात त्यातच बसलाय.

आधी चाचणीसाठी वेगळा कर्नल बांधा. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, 'कर्नल हॅकिंग'च्या पोटात 'लॉक डिबगिंग' आहे. तिथे 'प्रूव्ह लॉकिंग करेक्टनेस' आणि 'स्लीप इनसाइड अ‍ॅटॉमिक सेक्शन चेकिंग' हे दोन्ही पर्याय चालू करा. पहिल्याने लॉकडेप जागा होतो. इंगो मोल्नार यांनी लिहिलेला हा तपासनीस 2006 साली 2.6.18 या आवृत्तीत आला. त्याने यंत्र मंदावतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या यंत्रावर तो चढवू नका. क्यूएमूमध्ये (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवला तरी बरंच काम भागतं.

आता तपासायचा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण हाताळणारा कर्नलमधला कोड, चालवायचा, पण कसा, ते महत्त्वाचं. अनेकजण रात्रभर भार टाकून यंत्र अडकायची वाट बघत बसतात. लॉकडेपला प्रत्यक्ष अडकणं लागतच नाही. कोणतं लॉक हातात असताना कोणतं घेतलं, एवढा क्रम तो टिपून ठेवतो. सकाळी 'अ' मग 'ब' दिसलं आणि संध्याकाळी एकदाच 'ब' मग 'अ', तरी तो बोंब मारतो, मग ती दोन्ही कामं एकाच सीपीयूवर का झालेली असेनात. म्हणून हजार वेळा तीच वाट तुडवण्यापेक्षा प्रत्येक वाट एकदा चाला: उघडणं, बंद करणं, वाचन चालू असताना केबल उपटणं, सस्पेंड, आणि मेमरी न मिळाल्यावर मागे फिरणारा कोड. चुका बहुतेक या शेवटच्या वाटेवरच असतात.

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड' आलं की वरून खाली वाचत सुटू नका. आधी शेवटाकडचा दोन सीपीयूंचा छोटा तक्ता बघा. कोण कोणाला अडवतंय ते तिथे चार ओळींत असतं. मग वरची साखळी. ती उलट्या क्रमाने छापलेली असते: शून्य क्रमांकाची नोंद म्हणजे आत्ताची मागणी, मोठा आकडा म्हणजे आधी पाहिलेला क्रम.

माझ्याच एका ड्रायव्हरची गोष्ट सांगतो. यंत्र दहाबारा दिवसांतून एकदा, तेही बंद करतानाच अडकायचं. आम्ही आठवडाभर वीजपुरवठ्यावर खापर फोडलं. लॉकडेपच्या अहवालात एका लॉकच्या जागी 'वर्क_कम्प्लिशन' असं नाव दिसलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बंद करणारं फंक्शन म्यूटेक्स (वाट बघणाऱ्याला झोपू देणारं लॉक) धरून 'कॅन्सल_वर्क_सिंक' बोलावत होतं, म्हणजे मागे सोपवलेलं काम रद्द करून ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबत होतं, आणि ते काम संपायला तोच म्यूटेक्स मागत होतं. मीच अडवलेल्याची मी वाट बघत होतो. म्यूटेक्स सोडून मग काम थांबवलं, दोन ओळी खालीवर केल्या, संपलं. टायमर थांबवतानाही हाच खड्डा असतो.

'इन्कन्सिस्टंट लॉक स्टेट' आलं तर इंटरप्टकडे, म्हणजे हार्डवेअरच्या मध्येच येणाऱ्या हाकेकडे, बघा. साधं स्पिनलॉक (वाट बघणारा न झोपता जागीच फिरत राहतो असं लॉक) धरलेलं असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला आणि त्यालाही तेच लॉक हवं असलं, तर तो कायमचा फिरत राहतो. टास्कच्या बाजूने 'स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह' घ्या, म्हणजे लॉक हातात असेपर्यंत त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद राहतात. 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इन्व्हॅलिड कॉन्टेक्स्ट' म्हणजे स्पिनलॉक हातात धरून झोपायचा प्रयत्न, बहुधा 'जीएफपी_कर्नल'ने (ज्यात झोपायची मुभा असते) मेमरी मागितलेली. मेमरी आधी घ्या, लॉक नंतर.

क्रमाची चूक असेल तर लॉकचा एकच क्रम ठरवा आणि तो कोडमध्ये त्या स्ट्रक्टच्या (डेटाच्या रचनेच्या) वर टिप्पणीत लिहा. एखादं फंक्शन लॉक धरूनच बोलवायचं असेल तर त्यात 'लॉकडेप_असर्ट_हेल्ड' टाका. टिप्पणी कोणी वाचत नाही, ही ओळ मात्र चाचणीत ओरडते. 'ट्रायलॉक'ने (मिळालं तर घ्यायचं, नाहीतर न थांबता परतायचं) वेळ मारून नेणं मला पटत नाही. एकाच प्रकारची दोन लॉक एकात एक घेतोय असं लॉकडेपला सांगणारं 'म्यूटेक्स_लॉक_नेस्टेड' तर त्याहून धोक्याचं: खरोखर पालक आणि मूल असं नातं असेल तरच ते वापरा, एरवी तो लॉकडेपच्या तोंडात बोळा कोंबण्याचा प्रकार होतो.

यंत्र गिऱ्हाइकाकडे अडकलं तर बंद करून चालू करण्याची घाई नको. म्यूटेक्सवर अडकलेलं टास्क 120 सेकंदांनी हंग टास्क म्हणून नोंदलं जातं, ती नोंद जपा. सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम देणारी कळ) चालू असेल तर 'डब्ल्यू' दाबून अडकलेली टास्क छापून घ्या. 'डी'ने धरलेली लॉकही दिसतात, पण लॉकडेप असलेल्या कर्नलवरच.

दुरुस्तीनंतर रीबूट करून सगळ्या वाटा पुन्हा चाला. पहिल्या अहवालानंतर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो, आणि त्या शांततेला आम्ही एकदा यश समजून पेढे वाटले होते. 'प्रॉक' या फोल्डरमधल्या 'लॉकडेप_स्टॅट्स' फाइलमध्ये 'डिबग_लॉक्स'पुढे 1 असेल तर तो जागा आहे, 0 असेल तर वर कुठेतरी न वाचलेला अहवाल पडलाय किंवा एखादं बंदिस्त परवान्याचं मॉड्यूल चढलंय.