घरच्या टेबलावर छोटा हॅम सेट लावताना

हॅम म्हणजे हौशी रेडिओ. त्याचा शंभर वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह लहरींवर बोलण्या-ऐकण्याचा) सेट आता जेवणाच्या डब्याएवढा मिळतो. परवाना आला, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेतली आपली अधिकृत ओळख) मिळालं की सगळे आधी त्याच्याच मागे लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी तारेचं आणि विजेचं बघा.

सेटला १३.८ व्होल्ट डीसी लागतो. नुसतं ऐकताना एखादा अँपिअर पुरतो, पण पूर्ण पॉवरवर बोलताना वीस-बावीस अँपिअर खेचले जातात. वायर बारीक किंवा लांब असली की नेमक्या त्याच वेळी व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होतो. म्हणून वायर जाड, आखूड, आणि फ्यूज दोन्ही तारांना.

अँटेना म्हणून ७.१ मेगाहर्ट्झचा साधा डायपोल (मधून कोॲक्स केबल जोडलेली दोन बाजूंची तार) बांधा. दोन्ही बाजू दहा-दहा मीटर, थोड्या जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप) बघत बघत कापत या. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या कौलारू घरांत आढ्याजवळ बांबू उभा करून मध्य वर नेता येतो, टोकं माडाला किंवा आंब्याला नायलॉनच्या दोरीने ताणायची. टोकांना बोलताना जबर व्होल्टेज असतं. पोरांचा हात पोचता कामा नये. पत्र्याचं छप्पर असेल तर तार पत्र्यापासून जमेल तितकी उंच घ्या.

आता खरा त्रास, खरखर. बेळगावातल्या तिलकवाडीतल्या माझ्या खोलीत संध्याकाळी सेटवरच्या सिग्नलच्या जोराच्या मीटरचा काटा एस-७ वर चिकटून असायचा. सेट बॅटरीवर घेतला, घराचा मेन स्विच पाडला, काटा धपकन एस-३ वर आला. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. जिन्यातल्या एलईडी दिव्याला काटा उसळला, मोबाइलच्या चार्जरला पुन्हा. दिवा बदलला, चार्जरच्या वायरला फेराइटचा (खरखर अडवणारा चुंबकीय) मणी घातला. हे प्रत्येकाने करावंच. नवा महागडा सेट घेऊन ही खरखर जात नाही. चाळीस मीटरवर, म्हणजे याच सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, प्रीअँपही (आलेला सिग्नल वाढवणारी सोय) बंदच ठेवा, तो आवाजाबरोबर खरखरही वाढवतो.

बोलण्यासाठी सेटवर सात मेगाहर्ट्झवर एलएसबी (लोअर साइडबँड), चौदावर यूएसबी (अपर साइडबँड) निवडा. दिवसा सातवर कोल्हापूर-पुणे-हुबळी छान येतात; सूर्य मावळला की वातावरणातला, या लहरी शोषून घेणारा डी थर विरतो आणि लांबची स्टेशनं वर येतात. आपल्या भागात मराठी, कन्नड, हिंदी सगळं कानावर पडतं, समोरच्याच्या भाषेत दोन शब्द बोललात तर गप्पा रंगतात. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का हे विचारल्याशिवाय सीक्यू (कोणीही बोला, अशी हाक) देऊ नका. माइक गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) इतकाच ठेवा की एएलसीचा (पॉवर आपोआप आवरणारी सोय) काटा मीटरवरच्या पट्ट्याबाहेर जाणार नाही. ओरडून आवाज लांब जात नाही, फाटतो.

कोणाशी बोललो त्या नोंदींच्या वहीत वेळ यूटीसीत (जगभरची प्रमाण वेळ) लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दाटून आले, की गडगडाटाची वाट न बघता अँटेनाची कोॲक्स केबल सेटवरून सोडवून खिडकीबाहेर टाका, पॉवर सप्लायचा प्लगही काढा.