सांडशी चालते, पण जिवंत वाटत नाही? स्टॉप मोशन जाहिरातीत या चुका टाळा

स्टॉप मोशन म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो घ्यायचा आणि ते फोटो सलग दाखवायचे; पडद्यावरचं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. डोळे चिकटवले की पात्र तयार झालं, असं समजून बरेच जण सुरुवात करतात आणि वस्तूचं मूळ रूपच झाकून टाकतात. सांडशीला जबडा आहे, दोन मुठी म्हणजे पाय, मधलं रिव्हेट म्हणजे कंबर. आणखी काही लावायची गरज नाही. तिला दचकवायचं असेल तर जबडा 5 मिमी उघडा, अंग किंचित मागे झुकवा आणि 8 फ्रेम तिला तशीच राहू द्या. धातू रबरासारखा दबत नाही, ताणत नाही. त्यामुळे भाव येतो तो कलण्यातून, वळण्यातून आणि थांबण्यातून. थांबणं तर सगळ्यात जास्त विसरलं जातं.

वस्तू टेबलावरून घसरल्यासारखी दिसते, कारण ती प्रत्येक फोटोला सारखीच सरकवलेली असते. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला 25 फ्रेम लागतात. प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरला तर 20 सेकंदांच्या जाहिरातीला 250 फोटो होतात. आता सांडशीचं एक पाऊल बघा: 2, 4, 7, 12, 18, 18, 12, 7, 4, 2 मिमी. दहा फोटोंत 8.6 सेंटिमीटर, वेळ 0.8 सेकंद. पाऊल उचलण्याआधी दोन फोटो तिला उलट्या दिशेला थोडं झुकवा, म्हणजे ती स्वतःच्या जोरावर निघाल्यासारखी वाटते. कुकर जड आहे, त्याला वेग घ्यायला जास्त फोटो द्या. वाटी हलकी, ती थांबल्यावरही दोन-तीनदा डुलली पाहिजे.

चित्र लुकलुकतं ही सगळ्यात छळणारी तक्रार, आणि तिची कारणं एकाहून जास्त असतात. एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगछटा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), फोकस हे सगळं मॅन्युअलवर हवंच. तरीही लुकलुकत असेल तर दोष बहुतेक लेन्समध्ये असतो. ऑटो लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) प्रत्येक फोटोला नव्याने लहान होतं आणि दर वेळी अगदी त्याच जागी येत नाही. अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॉप्टरने लावा, हा पक्का उपाय. मग बघा दिव्यांकडे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटरची वेळ 1/100 सेकंदाच्या पटीत ठेवा; अर्धा सेकंद उत्तम. व्होल्टेज खालीवर होत असेल तर दिवे स्टॅबिलायझरवर घ्या, खिडकी काळ्या कापडाने पूर्ण झाका. आणि अंगात पांढरा शर्ट नको. त्यावरून परतलेला उजेड सेटवर पडतो आणि तुम्ही हललात की तोही हलतो. काळे कपडे घाला, फोटो घेताना रोज त्याच खुणेवर उभे राहा. लुकलुक नंतर सॉफ्टवेअरने थोडी सारखी करता येते, पण अनेक दिव्यांपैकी एकाच दिव्याची असेल तर ती तशीच दिसत राहते.

स्टीलचं पातेलं म्हणजे गोल आरसा. त्यात कॅमेरा, ट्रायपॉड, अख्खी खोली दिसते. सेटभोवती ट्रेसिंग पेपरची भिंत करा आणि दिवे तिच्या बाहेरून मारा, म्हणजे पातेल्याला फक्त पांढरा मऊ उजेड दिसेल. लेन्सपुरतं भोक पुरे. डलिंग स्प्रे (चमक कमी करणारा फवारा) मारणार असाल तर हातमोजे घालून भांडं दर वेळी मागच्या एकाच जागी धरा. नाहीतर बोटांचे ठसे फ्रेमागणिक भांड्यावर नाचतात.

चुंबकावर भरवसा ठेवताना आधी तपासा. घरातली पुष्कळ स्टीलची भांडी चुंबकाला चिकटत नाहीत, अ‍ॅल्युमिनियम तर मुळीच नाही. तळाला लोखंडी वॉशर चिकटवा आणि पातळ प्लायवुडच्या खालून नियोडायमियम चुंबक धरा. डबे धक्क्याने हलतात, त्यांत वाळू भरा.

उडीसाठी वस्तू तारेवर टांगली तर पात्राशिवायचा रिकाम्या सेटचा फोटो त्याच उजेडात आधी घेऊन ठेवा. तार नंतर त्यावरूनच पुसायची असते. पण तारेचं प्रतिबिंब शेजारच्या चालत्या भांड्यात पडलं, तर हा फोटो तिथे कामाचा नाही. म्हणून तार पात्राच्या मागून न्या आणि शेजारची भांडी उडीपुरती स्थिर ठेवा.

मध्येच वस्तूला धक्का लागला तर मागची फ्रेम लाइव्ह व्ह्यूवर (पडद्यावरच्या थेट चित्रावर) अर्धपारदर्शक लावून ती जागेवर आणता येते. कॅमेऱ्यालाच धक्का लागला असेल तर शॉट तिथेच तोडा आणि पुढचा कोन बदलून घ्या.