हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत रोजचं काम कसं करायचं: ठाणे-वाशी लोकलचं उदाहरण घेऊन

बरेच जण दोन ओळी लिहिल्या की कॅबल बिल्ड (कॅबल हे पॅकेजेस आणून अख्खा प्रोग्रॅम बनवणारं टूल) मारतात आणि चहाला जातात, तसं करू नका. जीएचसीअप या इन्स्टॉलरने जीएचसी, म्हणजे हास्केलचा कंपायलर, आणि कॅबल टाकून झालं की घरच्या वायफायवर एकदाच पूर्ण बिल्ड होऊ द्या, पॅकेजेस तेव्हाच उतरतात, मग लोकलमध्ये नेट नसलं तरी अडत नाही. त्यानंतर दिवसभर एका टर्मिनलमध्ये जीएचसीआयडी हे फाइलवर नजर ठेवणारं टूल चालू, त्याला कमांड म्हणून कॅबल रेपल (कोड लोड करून तिथेच चालवून बघायची कमांड) द्यायची. फाइल सेव्ह केली की ते कोड पुन्हा लोड करून एरर दाखवतं, बायनरी बनवायच्या भानगडीत पडत नाही म्हणून पटकन होतं. पहिली एरर तेवढी वाचा, खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

आता समजा ठाणे ते वाशी स्टेशनांचा टाइप केला, म्हणजे कुठली स्टेशनं असू शकतात त्यांची ठरावीक यादी, ठाणे, ऐरोली, रबाळे अशी क्रमाने, आणि ईक्यू, ऑर्ड, ईनम, शो डिराइव्ह केले, म्हणजे तुलना, क्रम, रेंज आणि छापणं कंपायलरकडूनच बनवून घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तर ते ठाणे आणि ऐरोलीच्या मधे टाकायचं. बहुतेक वॉर्निंग्ज चालू असतील, म्हणजे डॅश डब्ल्यू ऑल, तर स्टेशननुसार वेगळं उत्तर देणाऱ्या कुठल्या केसमध्ये दिघा राहिलंय ते कंपायलरच सांगतो. पण शेवटी अंडरस्कोर टाकून "बाकीचे सगळे" असं लिहून ठेवलं असेल तर तो गप्प बसणार, म्हणून ती सवय आधी सोडा.

पण टाइप बरोबर म्हणजे कोड बरोबर असं नाही हां. दोन स्टेशनांमधला मार्ग काढणाऱ्या फंक्शनमध्ये ठाणे डॉट डॉट वाशी अशी रेंज लिहिली की मस्त यादी येते, वाशी डॉट डॉट ठाणे लिहिलं की सरळ रिकामी यादी, एरर नाही, वॉर्निंग नाही! इथे क्विकचेक ही टेस्टिंगची लायब्ररी लावायची. नियम द्या की जायची यादी उलटी केली की यायची मिळाली पाहिजे, ते आपोआप १०० केसेस बनवून बघतं आणि लगेच पकडतं. फक्त हा एकच नियम पुरत नाही, फंक्शनने कायम रिकामी यादी दिली तरी तो पास होतो, म्हणून यादीतलं पहिलं स्टेशन चढायचंच असलं पाहिजे हा दुसरा नियमही लिहा.

पुश करायच्या आधी कॅबल टेस्ट एकदा पूर्ण चालवा, आणि तिच्या टेस्ट शो डीटेल्स या ऑप्शनला डायरेक्ट द्या, म्हणजे कुठली केस फुटली ते टर्मिनलवरच दिसेल.