विझार्डमध्ये सिक्युरिटी प्रोफाइल जोडताय? या चुका टाळा

सर्व्हरची इमेज (मशीनवर चढवायला तयार सिस्टिम) बनवणाऱ्या वेब विझार्डमध्ये ओपनस्कॅप या सुरक्षा तपासणाऱ्या साधनाची प्रोफाइलं, म्हणजे सुरक्षेच्या नियमांचे तयार संच, जोडणं वरून एका ड्रॉपडाउनचं काम वाटतं. नवीन पोरं दुपारपर्यंत ड्रॉपडाउन लावतात, सीआयएस (सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीच्या नियमांचं प्रोफाइल) निवडून बघतात, पॅकेजं आली की हात झटकून मोकळी होतात. पण प्रोफाइल कधी एकटं येत नाही. पॅकेजं, पार्टिशनं (डिस्कचे वेगळे भाग), चालू-बंद करायच्या सर्व्हिसेस, कर्नलचे पर्याय असं सगळं बिऱ्हाड घेऊन येतं आणि पुढच्या प्रत्येक पायरीत जाऊन बसतं.

सगळ्यात महागात पडते ती एकच चूक: प्रोफाइलनं आणलेलं आणि माणसानं निवडलेलं एकाच यादीत टाकणं. धरून चाला, जालन्याच्या एखाद्या कारखान्यातला सिस्टिम अ‍ॅडमिन विझार्ड उघडतो. फाइलींतले बदल टिपणारं एड हे पॅकेज तो आधीच हातानं जोडून ठेवतो. मग मागं येऊन सीआयएस लेव्हल २ निवडतो. पार्टिशनच्या पायरीवर /टेम्प, /होम, /व्हार, /व्हार/टेम्प, /व्हार/लॉग आणि /व्हार/लॉग/ऑडिट आपोआप येऊन बसतात. डेटाबेस मोठा असल्यानं तो /व्हार १ जीआयबीवरून २० जीआयबीवर नेतो. नंतर विचार बदलतो आणि 'प्रोफाइल नको' निवडतो.

आता काय व्हावं? कोड काहीच काढत नसेल तर सहाही पार्टिशनं इमेजमध्ये तशीच राहतात. प्रोफाइलच्या यादीत दिसेल ते सगळं कोड काढत असेल तर त्यानं हातानं जोडलेलं एडही जातं, २० जीआयबीचं /व्हारही जातं. दोन्हीकडे एररचा पत्ता नाही. इमेज बिनबोभाट तयार होते, आणि घोटाळा कळतो तो डिस्क भरल्यावर.

मोंढ्यात तूर आणि हरभरा कुणी एकाच पोत्यात ओतत नाही, इथंही ओतू नका. माणसाची यादी वेगळी ठेवा, प्रोफाइलचा फक्त आयडी साठवा, आणि दोन्ही एकत्र करा ते विनंती पाठवायच्या क्षणी. प्रोफाइलनं दिलेल्या ओळीला माणसानं एकदा हात लावला की ती ओळ त्याची. प्रोफाइल गेलं तरी ती राहिली पाहिजे. यावर वाद घालणारे भेटतात, पण माणसानं हातानं टाकलेला आकडा न विचारता पुसायचा हक्क कोडला नसतो.

टेस्टही याच वाटेनं लिहा: हातानं एड जोडा, प्रोफाइल निवडा, दुसरं निवडा, मग काढून टाका. तपासायचं ते स्क्रीनवरचं नाही, सर्व्हरकडे गेलेल्या विनंतीतलं. एमएसडब्ल्यूनं (टेस्टमध्ये सर्व्हरऐवजी खोटं उत्तर देणारी लायब्ररी) विनंती अडवा आणि पॅकेजं-पार्टिशनांची पूर्ण यादी ताडून बघा. 'एड आहे का' एवढंच विचारलं तर उरलेली पार्टिशनं निसटतात.

नावावर भुलू नका. आरएचईएलच्या (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या) प्रोफाइलांमध्ये ज्याच्या आयडीच्या शेवटी नुसतं 'सीआयएस' असतं, ते लेव्हल २ सर्व्हरचं असतं. लेव्हल १ चा आयडी वेगळा. साधं समजून डीफॉल्टला तेच ठेवलं की लोकांच्या माथी कडक नियम बसतात. प्रोफाइलांची यादी कोडमध्ये टाइप करून ठेवू नका, आवृत्तीप्रमाणे सर्व्हरकडून मागवा. कुणी आरएचईएल ८ वरून ९ वर गेला की निवडलेलं प्रोफाइल नव्या यादीत आहे का ते पुन्हा तपासा.

टेस्ट आपल्या लॅपटॉपवर पास आणि सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) फेल, ही तक्रार तर रोजचीच. टेस्टिंग लायब्ररीचे 'फाइंड' प्रकारचे शोध डीफॉल्टनं १००० मिलिसेकंद थांबतात, आणि टेस्ट चालवणारं जेस्ट अख्ख्या टेस्टला ५ सेकंद देतो. दहा पायऱ्या क्लिक करत जाणारी टेस्ट जुन्या ४ जीबीच्या मशीनवर या वेळेत बसत नाही. घाईवाले मधे दोन सेकंदांची झोप टाकतात, नाहीतर टेस्ट तीनदा चालवायची सोय करतात. दोन्ही उपाय दुखणं झाकतात. टेस्टमध्ये क्लिक करणाऱ्या यूजर-इव्हेंट लायब्ररीच्या १४ व्या आवृत्तीत प्रत्येक क्लिकला 'अवेट' (काम संपेपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) लागतं. सुटलेलं एखादं 'अवेट' हेच बहुतेकदा मूळ निघतं. शिवाय टेस्ट पहिल्या पायरीपासून कशाला? तयार स्टेट देऊन थेट प्रोफाइलच्या पायरीवर उतरवा. पूर्ण प्रवासाची एक टेस्ट पुरे.

सीआयएस निवडून लगेच स्टिग (अमेरिकी संरक्षण खात्याच्या नियमांचं प्रोफाइल) निवडलं आणि सीआयएसचं उत्तर उशिरा आलं, तर ते स्टिगवर बसता कामा नये. टेस्टमध्ये पहिल्या उत्तराला मुद्दाम उशीर लावून बघा.

जतन केलेली इमेज एडिटला उघडताना प्रोफाइल नव्यानं लावू नका, नाहीतर २० जीआयबीचं पुन्हा १ होतं.

तयार मशीनवर ओएसकॅप (ओपनस्कॅपची कमांड) चालवून खात्री करा, पण स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड नीट वाचा: ० म्हणजे सगळे नियम पास, १ म्हणजे तपासणीतच बिघाड, आणि २ म्हणजे तपासणी पूर्ण झाली पण किमान एक नियम फेल झाला किंवा त्याचा निकाल लागला नाही. २ ला बिघाड समजून स्क्रिप्ट तिथंच थांबवली, तर कोणता नियम अडला हे सांगणारा रिपोर्ट उचलायचा राहून जातो.